क्लेम पेन्रोझचं डावं पाऊल

दार ढकलून तो आत आला तेव्हा माझी पाठ दाराकडे होती. हॉलच्या लाकडी जमिनीवर मी मेणाचा चुरा भुरभुरत होते.

"जपून रे टेड," मी न वळताच म्हटलं. "घसरशील."

"टेड नाही आलाय," मागून आवाज आला. "टेडची कंबर धरली. अख्खा बोकड खांद्यावर घेतला म्हणे, आणि तसाच वाकून राहिला."

आवाज ओळखीचा होता. पण या हॉलमधला नव्हता — स्वयंपाकघरातला होता. संध्याकाळच्या बातम्या संपल्यावर, भांडी पुसताना कानावर पडणारा… 'आणि उद्या द्वीपकल्पावर आकाश अंशतः ढगाळ.'

मी वळले. टीव्हीवर ज्याला आम्ही सगळे फक्त कमरेपर्यंतच ओळखत होतो, तो माणूस दारात पायांसकट उभा होता. हातात लोकरीची टोपी, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"डिग्बी लॉव," तो म्हणाला.

"माहितीय. मागच्या आठवड्यात तुझ्या शब्दावर मी चादरी वाळत घातल्या होत्या."

"भिजल्या?"

"अजून ओल्या आहेत."

तो हसला, पण जरा जपूनच. या भागात हवामान सांगणाऱ्या माणसाला जपूनच हसावं लागतं. "बेकरीवाल्या ग्लेनिसने पाठवलंय. म्हणाली, खाटीक आडवा झाला, आता तू उभा राहा. तुझा जोडीदार म्हणून."

दर हिवाळ्यात आमच्या गावात हा नाच असतो. या भागातली नावाजलेली माणसं — शाळेच्या मुख्याध्यापिका, फुटीच्या, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलच्या, संघाचा कप्तान, टेड खाटीक, एखादा टीव्हीवरचा चेहरा — नाचतात, आणि प्रत्येक जोडी एकेका चांगल्या कामासाठी पैसे गोळा करते. त्यांना नाचायला शिकवायचे माझे बाबा. सगळ्या गावालाच त्यांनी शिकवलं होतं. बाबा एप्रिलमध्ये गेले. त्यामुळे या वर्षी शिकवणं माझ्याकडे आलं, आणि एक जोडीदार कमी होता म्हणून नाचणंही.

"नाचता येतं का काही?" मी विचारलं.

"वॉल्ट्झ येतो. तेवढा एकच."

"बघू."

मी संगीत लावलं. त्याने टोपी कोटाच्या खिशात कोंबली, माझ्या पाठीवर हात ठेवला — अगदी हलका, विचारत असल्यासारखा — आणि आम्ही निघालो. बरा नाचत होता. माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, म्हणजे कुणीतरी नीट शिकवलं होतं. आम्ही कोपऱ्याशी वळलो… आणि डाव्या पायावर येताना तो किंचित खाली बसला. क्षणभर थांबला. मग सरकला.

माझे पाय जागच्या जागी थिजले.

ते पाऊल बाबांचं होतं.

तरुणपणी जवाच्या कोठाराच्या शिडीवरून पडून बाबांचा डावा गुडघा गेला होता. वळताना तो पाय त्यांना सांभाळून घ्यावा लागायचा — खाली बसणं, थांबणं, सरकणं. गावातला प्रत्येक जण त्यांच्याकडेच शिकलेला, म्हणून गावातला प्रत्येक जण वळणावर तसाच बसतो. मीसुद्धा. पण हा माणूस गावातला नव्हता. आणि जगात दुसरीकडे कुठेही वॉल्ट्झमध्ये ते पाऊल नाही.

"हे कुठे शिकलास?"

"इथेच," तो म्हणाला. "याच हॉलमध्ये. बुधवारी."

"कुणाकडून?"

मी हे विचारतेय याचंच त्याला आश्चर्य वाटलं. "क्लेमकडून. तू… तू वेना ना?"

मी रंगमंचाच्या कडेवर जाऊन बसले.  शेवटची दोन वर्षं बाबा फोनवर म्हणायचे, 'काल शिकवणी होती.' मला माहीत होतं की हिवाळ्यातला हा नाच सोडला, तर गुडघ्यामुळे त्यांनी शिकवण्या केव्हाच बंद केल्या होत्या. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, जुने दिवस नव्यात मिसळतात. मी 'हो बाबा' म्हणायचे. तेव्हा मी अ‍ॅडलेड शहरात राहायचे; तिथून दर रविवारी सूप आणि पुस्तकं घेऊन यायचे, त्यांच्या समोर बसायचे. आणि बुधवारी इथे हा माणूस यायचा!

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही," मी म्हटलं.

डिग्बी माझ्यापासून थोडं अंतर ठेवून बसला. "तुझा बाप दर आठवड्याला स्टुडिओत फोन करायचा. 'ए पोरा, तू म्हणालास कोरडं राहील. इथे माझ्या दारात तळं झालंय.' एकदा मी म्हटलं, बघायलाच येतो तुमचं तळं. आलो."

"मग? होतं?"

"होतं. त्यात बदक पण होतं."

मला हसू आलं. आलं ते आलं, आणि त्याचाच मला धक्का बसला.

"चहा दिला त्याने," डिग्बी पुढे म्हणाला. "म्हणाला, 'उभा राहा बघू. टीव्हीवर तर पाय नसल्यासारखा दिसतोस.' मग दर बुधवारी येत राहिलो. एकदा विचारलं, रविवारी येऊ का? तर म्हणाला, 'मुळीच नको. रविवारी वेना येते. तुझं डावं पाऊल सुधारत नाही तोवर तिच्यासमोर न्यायचं नाही तुला.'"

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं?"

"डिग्बी… डाव्या पावलात तुझी काहीच चूक नव्हती. ते त्यांचंच होतं. त्यांच्या गुडघ्याचं. त्यांना स्वतःला ते कधी दिसलंच नाही. जन्मभर म्हणत आले, 'सगळं गाव डावीकडे लंगडतं, का ते देव जाणे.' मग उठून करून दाखवायचे, 'असं नाही, असं' — आणि सगळे आणखी पक्कं लंगडायला शिकायचे."

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"आईने सगळ्यांना ताकीद दिली होती. बाबांना कळलं तर ते नाचणं सोडतील म्हणायची. आई गेल्यावरही कुणी ती मोडली नाही."

डिग्बीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे मी ते घोटवत होतो. घरी, आरशासमोर! तो म्हणायचा 'असं', आणि मी म्हणायचो, आत्ता जमलं… आणि तो कपाळाला हात लावायचा."

आम्ही दोघं हसत सुटलो. हसता हसता कधीतरी थांबलो. हॉल फार मोठा वाटला. बाहेर समुद्रावरचा वारा पत्र्यावर आपटत होता, आणि माझ्या लक्षात आलं की त्याने आपली टोपी खिशातून काढून माझ्या गार हातांवर ठेवली होती.

ग्लेनिसची बेकरी म्हणजे या नाचाची कचेरी. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो तर मर्व्ह आधीच काउंटरला टेकून उभा होता. मर्व्ह जवाचा शेतकरी, बाबांचा दोस्त.

"काय रे डिग्बी, उद्या पाऊस?"

"शक्यता चांगली आहे."

"मग मी गवत कापायला घेतो."

"मर्व्ह, त्याला छळू नकोस," ग्लेनिस आतून ओरडली. पिठाचे हात पुसत बाहेर आली. "हे बघ वेना, नीट ऐक. ट्रॅक्टरवाल्यांनी यंदा जिंकणाऱ्या जोडीच्या कामासाठी नवी कोरी गाडी ठेवलीय. तू सिस्टर डॉटसाठी नाचतेयस ना? मग जिंक."

सिस्टर डॉट घरोघर जाऊन शेवटच्या आजारातल्या माणसांची सेवा करते. तिच्या गाडीचं काय सांगावं… बाबांच्या शेवटच्या संध्याकाळी ती गाडी हायवेवर बंद पडली. डॉट तिथून चालत आली, कुणाच्या तरी शेतातून. ती पोचली, बाबांचं दुखणं तिने कमी केलं, त्यांचा हात धरून बसली. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते आणि तिच्या बुटांवरच्या चिखलाकडे बघत होते. दुसरीकडे कुठे बघणं मला जमत नव्हतं. ती अर्धा तास उशिरा आली असती तर काय झालं असतं, हा विचार मी कधी पुरा केलेला नाही.

"निम्मे गुण परीक्षक बाईंचे," ग्लेनिस म्हणाली, "आणि निम्मे बादल्यांचे. ज्याच्या बादलीत जास्त नाणी, त्याला गावाची मतं जास्त. बादल्यांची मला काळजी नाही. पण त्या बाई अ‍ॅडलेडच्या आहेत. गेल्या वर्षी माइकवर काय म्हणाल्या आठवतं ना? 'या गावात सगळ्यांचा डावा पाय एकाच वेळी दुखतो का?'"

मर्व्हने हातातली पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजीच ती, खाली ठेवली. "क्लेम पहिल्या रांगेत बसला होता तेव्हा."

"त्याला वाटलं, बाई बरोबर बोलल्या," ग्लेनिस म्हणाली. "टाळ्या वाजवत होता तो."



"काढून टाकू," मी म्हटलं. "ते पाऊल. डिग्बी, आपण सरळ नाचायचं."

आणि मग सगळा जुलै, आमच्याकडच्या ऐन थंडीत, आम्ही तेच केलं. संध्याकाळच्या बातम्या आटोपल्या की त्याची गाडी हॉलसमोर थांबायची, हीटर कुरकुरत तापायचा, आणि मी म्हणायचे — सरळ, बसू नकोस, सरळ. आधी मला स्वतःला जमलं. मग त्याची पाळी.

"पायाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडे बघितलं की पाय विसरतो."

"म्हणून तर सांगतेय."

"हा शिकवण्याचा प्रकार आहे की छळण्याचा?"

"तुला बुधवारची सवय आहे. बुधवारी चहा मिळायचा."

"चहा आणि शिव्या," तो म्हणाला. "तू निदान शिव्या तरी देत जा. फार सभ्य आहेस. भीती वाटते."

येताना तो पेस्टी आणायचा, कागदात गुंडाळलेली, अर्धी अर्धी. माझ्या अर्ध्या भागाला नेहमी टोक असायचं. मी ते शेवटी खाते. हे त्याला कसं माहीत, असं मी एकदाही विचारलं नाही. पण तो निघून गेल्यावर हॉलला कुलूप लावताना मला ते आठवायचं, आणि किल्ली फिरवायची राहून जायची.

एकदा मध्येच थांबून त्याने विचारलं, "तुला हे नक्की काढून टाकायचंय?"

"बाबांनाही तेच हवं होतं."

"क्लेमला हवं होतं, ते कळलं. मी तुला विचारतोय, वेना."

मी संगीत पहिल्यापासून लावलं.

आणि मग एका संध्याकाळी, कोपऱ्याशी वळताना, काहीच झालं नाही. तो बसला नाही, थांबला नाही. स्वच्छ, सरळ, पुस्तकात असावा तसा वॉल्ट्झ. आम्ही पूर्ण फेरी मारून थांबलो.

"जमलं?" त्याने विचारलं. धाप लागली होती त्याला.

"जमलं. छान."

"मग असा चेहरा का?"

"कसा?"

तो हात सोडायला विसरला होता, किंवा विसरला नव्हता. "मला एक सांगायचंय. विचित्र आहे, आधीच सांगतो… बुधवारी क्लेम नाच कमी शिकवायचा, तुझ्याबद्दल जास्त बोलायचा. वाचताना तुझे ओठ हलतात. पेस्टीचं टोक तू शेवटी खातेस. रागावलीस की फार सभ्य होतेस. मला वाटायचं, पाऊल एकदा सुधारू दे, मग रविवारी जाईन. ज्या मुलीला पाहिलंही नाही तिची मी दोन वर्षं वाट बघत होतो. अंत्यविधीला आलो तेव्हा मागे उभा राहिलो. पुढे यायचं धाडस झालं नाही. ओळख करून देणाराच गेला होता ना."

 बाबांच्या शवपेटीमागून मी चालत होते तेव्हा हा तिथे होता. मी कुणाचाच चेहरा पाहिला नव्हता.

"तू काही बोलायला हवं असं नाही," तो म्हणाला.

"उद्या याच वेळी," मी म्हटलं. फार सभ्यपणे.

नाचाच्या दिवशी हॉल इतका भरला की उरलेली माणसं खिडक्यांबाहेर उभी राहिली. फुटीचा कप्तान टिकल्यांच्या शर्टात आला आणि उडी मारताना त्याची विजार उसवली. त्याच्या बादलीत नाण्यांचा खच पडला. मुख्याध्यापिका बाई अशा काही नाचल्या की त्यांच्या शाळेतली पोरं आयुष्यभर सुधारतील. मग आमचं नाव पुकारलं.

आम्ही सरळ नाचलो. एकही चूक नाही. डिग्बीचा हात माझ्या पाठीवर जिथे हवा तिथेच होता. पहिलं वळण आलं, गेलं. आणि गेलं त्या क्षणी हॉलमध्ये काहीतरी झालं. आवाज नाही… आवाज थांबला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका वळणाच्या ठिकाणी आपसूक खुर्चीत किंचित खाली बसल्या होत्या, आणि आम्ही त्यांच्या पुढे निघून गेलो होतो.

संपल्यावर टाळ्या वाजल्या. पाहुण्यांसाठी वाजवतात तशा. परीक्षक बाईंनी संध्याकाळचे सर्वांत जास्त गुण दिले. म्हणाल्या, "चला, या गावात एक तरी शाबूत डावा पाय निघाला!"

मागून मर्व्हचा आवाज आला. तो थट्टा करत नव्हता. "पोरी, क्लेमचा वॉल्ट्झ कुठे गेला गं?"

कुणी हसलं नाही.

सिस्टर डॉट आमची बादली घेऊन रांगांमधून फिरली. माणसं टाकत होती, पण नजर चुकवून, खाली बघत. परत आली तेव्हा बादली तिच्या एका बोटावर लटकत होती.

"जाऊ दे गं," ती मला म्हणाली. "जुन्या गाडीचं इंजिन अजून चांगलं आहे." ती खोटं बोलत होती. वाईट होतं ते इंजिन.

ग्लेनिसने माइक घेतला. "आता शेवटचा वॉल्ट्झ! सगळ्या जोड्या परत मैदानात, बादल्या शेवटच्या फिरणार. खिसे झटका रे, कंजूष लोकांनो!"

मी डिग्बीचा हात ओढत त्याला मधोमध आणलं. "आता लंगड."

"काय?"

"बाबांसारखं. वळणावर. चल."

संगीत सुरू झालं. कोपरा आला. मी खाली बसले, आणि तो सरळ पुढे गेला. आमचे गुडघे आपटले.

"थांब, परत," तो म्हणाला. दुसरा कोपरा. पुन्हा तेच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता. "वेना… येत नाहीये. कुठे बसायचं, तेच आठवत नाहीये. गेलं ते."

इतका मोठा धक्का मला एप्रिलमध्येही बसला नव्हता. एप्रिलमध्ये मला माहीत होतं काय होणार ते. हा बाबांचा शेवटचा शिष्य. उभं राहवत नसतानाही खुर्चीचा आधार घेऊन त्यांनी याला करून दाखवलं होतं — असं नाही, असं. आणि ते मी माझ्या हातांनी, रोज संध्याकाळी, त्याच्या पायांतून खरवडून काढलं होतं.

"माझ्यावर भार टाक," मी म्हटलं.

"तू पडशील."

"टाक. माझ्या पाठीवरचा हात घट्ट धर. मी बसले की तुला हाताला कळेल. पायाचा विचारच करू नकोस."

"आणि तुझंही गेलं असेल तर?"

तो प्रश्न माझ्याही मनात होता. कोपरा आला. मी डावा पाय टाकला आणि काहीच केलं नाही, फक्त वाट बघितली… आणि गुडघा आपणहून खाली गेला. थांबला. सरकला. त्याच्या हाताला ते कळलं. अर्ध्या श्वासाने मागे, पण तो माझ्यापाठोपाठ खाली बसला.

"असं?" तो म्हणाला.

"असं नाही. असं."

पुढच्या वळणाला आम्ही दोघं एकत्र बसलो. आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मर्व्ह आपल्या बायकोला घेऊन मैदानात उतरला. मग पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या. मग टेडसुद्धा, कमरेला पट्टा बांधून. पुढचा कोपरा आला तेव्हा अख्खं गाव डाव्या पायावर एकदम खाली गेलं आणि त्या जुन्या लाकडी जमिनीतून एकच आवाज उठला. परीक्षक बाई पेन खाली ठेवून बघत होत्या. डॉटची बादली आता तिच्या एका हाताला झेपत नव्हती.

मला तो आवाज पायांतून वर येताना जाणवला, आणि मी रडायला लागले. अंत्यविधीच्या वेळी रडले नव्हते, घर आवरताना रडले नव्हते. आता, सगळ्या गावासमोर, दिव्यांखाली… आणि थांबवता येईना.

 डिग्बीने नाच थांबवला नाही. फक्त आमची फेरी अशी वळवली की माझा चेहरा भिंतीकडे झाला आणि लोकांकडे त्याची पाठ. मग तिथेच, भिंतीशी, छोट्या छोट्या पावलांनी तो मला घेऊन फिरत राहिला. लोकांना वाटलं असेल, हा वळणं विसरला. पुन्हा चुकला हवामानवाला.

मी त्याच्या कोटात तोंड खुपसून रडले. कोटाला लोकरीचा आणि समुद्राचा वास होता. संगीत संपलं, तो थांबला नाही. ग्लेनिस माइकवर काहीतरी ओरडली, मला शब्द कळले नाहीत. मग सिस्टर डॉटची किंकाळी ऐकू आली, आणि त्या किंकाळीवरून मला कळलं की गाडी तिला मिळाली. लोक शिट्ट्या मारत होते, कुणीतरी आम्हाला हाका मारत होतं.

"बोलावतायत," डिग्बी म्हणाला. "जायचं?"

मी त्याच्या कोटातच काहीतरी म्हणाले.

तो थांबला. पहिल्यांदाच थांबला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"ऐकलं," तो हळूच म्हणाला. त्याचा आवाज टीव्हीवरच्यासारखा अजिबात नव्हता. "पण ते तू कोटाच्या बटणाला सांगितलंस. मला सांग."

माझं नाक लाल झालं होतं, डोळे सुजले होते, आणि अख्खं गाव बघत होतं. मी मान वर केली आणि त्याला सांगितलं.